जुन्या पासपोर्टवरचा व्हिसा: पासपोर्ट रद्द झाला म्हणजे व्हिसाही रद्द झाला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचा पासपोर्ट २०१५ साली काढलेला होता, त्याची मुदत २०२५ मध्ये संपली आणि आता नवा पासपोर्ट हाती आला आहे. जुन्या पासपोर्टवर रद्द केल्याचा शिक्का आहे आणि त्याच्या मुखपृष्ठाचा कोपरा कापलेला आहे. त्याच जुन्या पासपोर्टच्या आतल्या पानावर अमेरिकेचा बी-१/बी-२, म्हणजे पर्यटन व कामकाजाच्या भेटीसाठीचा व्हिसा चिकटवलेला असून त्यावर २०२९ ची तारीख आहे. एजंट सांगतो की हा व्हिसा नव्या पासपोर्टवर ‘ट्रान्सफर’ करून घ्यावा लागेल, नातेवाईक सांगतात की पासपोर्टबरोबर व्हिसाही गेला, आणि पुढच्या महिन्याचे तिकीट तर काढून झाले आहे.

व्हिसा गेलेला नाही. तो ट्रान्सफर करायचा नाही, कारण अमेरिकेच्या बाबतीत तशी सोयच अस्तित्वात नाही. आईंनी नवा आणि जुना असे दोन्ही पासपोर्ट सोबत घेऊन प्रवास करायचा आहे, एवढेच. ही पळवाट नाही आणि विमानतळावरील अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेली सवलतही नाही. मुदत संपलेल्या पासपोर्टमधील वैध व्हिसा नव्या वैध पासपोर्टसह वापरता येतो, असे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानेच स्पष्टपणे सांगितलेले आहे. मात्र त्याला काही अटी आहेत आणि लोक नेमके तिथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळा गोंधळ ‘रद्द’ या एका शब्दामुळे होतो. पासपोर्ट हा भारत सरकारचा दस्तऐवज आहे. नवा पासपोर्ट देताना जुना चलनात राहू नये, म्हणून पासपोर्ट सेवा केंद्रात त्यावर शिक्का मारतात, कोपरा कापतात आणि पुस्तिका आपल्याला परत देतात. ती परत देण्याचे एक मोठे कारण हेच असते की तिच्यात दुसऱ्या देशाचा चालू व्हिसा असू शकतो. व्हिसा मात्र त्या दुसऱ्या देशाने दिलेला असतो आणि तो रद्द करण्याचा अधिकारही त्याच देशाला असतो. भारतातील कार्यालयाने आपल्या पुस्तिकेवर मारलेला शिक्का अमेरिकेने दिलेल्या परवानगीला लागू होत नाही.

व्हिसा खरोखरच रद्द झालेला असेल, तर ते त्या स्टिकरवरच दिसते. त्यावर आडवा शिक्का असतो आणि त्यातील एका शिक्क्याचा अर्थ ‘धारकाविषयी कोणताही प्रतिकूल निष्कर्ष न काढता रद्द’ असा असतो. त्याच प्रकारचा नवा व्हिसा दिला गेला असेल, तर जुन्यावर हा शिक्का सर्रास मारला जातो. त्यात बदनामीचे काही नसते, पण तो स्टिकर पुन्हा वापरता येत नाही. म्हणून आधी जुना पासपोर्ट उघडा आणि प्रत्यक्ष व्हिसाचे पान उजेडात धरून बघा. स्टिकरवर कोणताही शिक्का नाही, पान फाटलेले नाही, स्टिकरची कड सुटलेली नाही आणि पासपोर्टचा कापलेला कोपरा व्हिसाच्या पानापर्यंत आत गेलेला नाही, एवढे पाहून घ्यावे. याखेरीज आई पूर्वी कधी अमेरिकेत गेल्या असतील, तर मुक्कामाच्या दिलेल्या तारखेच्या आत परत आल्या होत्या ना, हेही विचारून घ्या. मुदतीपलीकडे राहिलेल्या व्यक्तीचा व्हिसा तिथल्या कायद्याने आपोआप निरर्थक ठरतो आणि स्टिकर पाहून ते कळत नाही.

दुसरी अट अशी की दोन्ही पासपोर्ट एकाच देशाचे आणि एकाच प्रकारचे असले पाहिजेत. साधा पासपोर्ट आणि साधा पासपोर्ट, अशी जोडी चालते. जुना साधा आणि नवा शासकीय कामासाठीचा, अशी जोडी चालत नाही. तुमच्या आईंच्या बाबतीत हा प्रश्न येणार नाही. पण मधल्या काळात परदेशाचे नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीला जुन्या भारतीय पासपोर्टवरचा व्हिसा नव्या देशाच्या पासपोर्टसोबत वापरता येत नाही, हे यातूनच ठरते.

तिसरी गोष्ट नावाची. माझ्या अनुभवात मराठी कुटुंबांची सर्वांत जास्त अडचण इथेच होते, म्हणून इथे थोडा अधिक थांबतो. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी रीत आहे, तर पासपोर्टात आडनाव आणि दिलेले नाव असे दोनच रकाने असतात. पूर्वीच्या कित्येक पासपोर्टांत तिन्ही नावे एकाच रकान्यात आणि आडनावाचा रकाना कोरा, अशी नोंद झालेली आढळते. अशा पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा देताना संपूर्ण नाव आडनावाच्या जागी घालतात आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ ही तीन अक्षरे येतात, म्हणजे पहिले नाव ज्ञात नाही. मग नूतनीकरणाचा अर्ज भरताना घरातील कोणीतरी उत्साहाने सांगते की आता नाव नीट करून घेऊ या. आडनाव वेगळे काढले जाते, पतीचे नाव घातले जाते, एखाद्या ‘आय’च्या जागी दोन ‘ई’ येतात. नवा पासपोर्ट निर्दोष दिसतो, पण जुन्या व्हिसावरचे नाव आणि नव्या पासपोर्टवरचे नाव आता दोन वेगळ्या व्यक्तींची वाटावीत अशी झालेली असतात.

लग्न, घटस्फोट किंवा न्यायालयाच्या आदेशामुळे नाव बदलले असेल, तर नव्या नावाने नवा व्हिसा घ्यावा, अशी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची शिफारस आहे. ती शिफारस आहे, व्हिसा त्या क्षणी संपतो असे नाही, तरीही मी ती गांभीर्याने घेतो. विवाह प्रमाणपत्र आणि राजपत्राची प्रत दाखवून लोक गेलेले मी पाहिले आहेत. पण सत्तरीच्या एकट्या बाईने परक्या विमानतळावर आपल्या नावाचा इतिहास इंग्रजीत समजावून सांगत उभे राहावे, हे मला योग्य वाटत नाही. म्हणून ज्यांचे नूतनीकरण अजून व्हायचे आहे त्यांना माझे आग्रहाचे सांगणे असे की, लांब मुदतीचा व्हिसा हाती असेल, तर कायदेशीर गरज नसताना नावाच्या एका अक्षरालाही हात लावू नका आणि जुन्या पासपोर्टवर जसे आहे तसेच नव्यावर येऊ द्या. तुमच्या आईंचे दोन्ही पासपोर्ट शेजारी ठेवून नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ अक्षरशः एकेक अक्षर जुळवून बघा. पत्ता किंवा सही बदललेली असेल, तर त्याने बिघडत नाही. फोटोतला चेहरा बदललेला असणे तर स्वाभाविकच आहे.

व्हिसाच्या स्टिकरवर पासपोर्ट क्रमांकही छापलेला असतो आणि तो अर्थातच जुना असतो. तो नव्याशी जुळत नाही म्हणून घाबरून जाणारे पुष्कळ लोक भेटतात. तो जुळणार नाहीच आणि तो जुळावा अशी अपेक्षाही नाही. दोन पुस्तिकांमधला दुवा आपल्या नव्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर असतो. तिथे पालकांची नावे आणि पत्ता असतो, त्याखाली जुन्या पासपोर्टचा क्रमांक, तो दिल्याची तारीख आणि ठिकाण छापलेले असते. ते पान उघडून हा क्रमांक बरोबर आहे ना, हे आजच तपासा. विमानतळावर कोणी शंका काढली, तर पहिले बोट त्या ओळीवर ठेवायचे असते.

एक गोष्ट कोणत्याही परिस्थितीत करू नका. जुन्या पासपोर्टवरचा स्टिकर काढून नव्यावर चिकटवणे, ते पान कापून नव्या पासपोर्टात ठेवणे, कड सुटली म्हणून घरच्या डिंकाने बसवणे किंवा वरून पारदर्शक टेप लावणे, यांपैकी काहीही केले, तर आतापर्यंत पूर्णपणे वैध असलेला व्हिसा त्या क्षणी निकामी होतो आणि नव्याने अर्ज करण्यावाचून मार्ग राहत नाही. दोन्ही पासपोर्ट एकत्र राहावेत म्हणून काही जण त्यांना स्टेपलच्या पिना मारून देतात. तेही मला पसंत नाही, कारण पिन व्हिसाच्या पानातून गेली तर पान खराब होते आणि नव्या पासपोर्टच्या मुखपृष्ठावर इलेक्ट्रॉनिक चिपचे चिन्ह असेल, तर त्याला भोके पाडणे हा वेडेपणाच ठरेल. दोन्हींना मिळून एक रबरबँड पुरतो.

आता प्रवासाविषयी. व्हिसा वैध असूनही जो त्रास होतो, तो बहुधा अमेरिकेत होत नाही. तो इथल्या चेक-इन काउंटरवर होतो. योग्य कागदपत्रे नसलेला प्रवासी नेला, तर विमान कंपनीला दंड भरावा लागतो, त्यामुळे काउंटरवरचा कर्मचारी सावध असतो आणि ते त्याच्या जागी बरोबरच आहे. तो प्रवाशाची कागदपत्रे ‘टिमॅटिक’ नावाच्या माहितीसंग्रहावरून पडताळतो. बहुसंख्य विमान कंपन्या याच संग्रहाचा आधार घेतात. तुमच्या आईंना तिथे इतकेच करायचे आहे की दोन्ही पासपोर्ट एकदमच पुढे करायचे, नवा वर आणि जुना खाली, आणि जुन्यात व्हिसाच्या पानावर कागदाची खूण घातलेली. आधी फक्त नवा द्यायचा आणि ‘व्हिसा कुठे आहे?’ असे विचारल्यावर पिशवीत हात घालायचा, यात उगीच संशयाचे वातावरण तयार होते.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका वृद्ध दांपत्याला निरोप द्यायला गेलो होतो. कागदपत्रे मीच तपासून दिली होती, दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवा असे सांगितलेही होते. पण निघताना सामान लावताना त्यांना वाटले की रद्द झालेले पासपोर्ट हातातल्या पिशवीत बाळगून ते हरवायला नकोत. काउंटरवर नवे पासपोर्ट दिले गेले, बॅगांना पट्ट्या लागल्या, बॅगा सरकत्या पट्ट्यावरून आत गेल्या आणि मग प्रश्न आला की व्हिसा कुठे आहे. तो त्या आत गेलेल्या बॅगेत, साड्यांच्या घड्यांखाली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला होता. बॅग परत मागवावी लागली आणि ती येऊन उघडेपर्यंत त्या काकूंचे हात थरथरत होते, ते मी विसरलेलो नाही. ‘जवळ ठेवा’ एवढे सांगणे पुरेसे नव्हते, ‘हातातल्या पिशवीत ठेवा’ असे सांगायला हवे होते, ही चूक माझी होती. तेव्हापासून मी हे वाक्य प्रत्येकाला दोनदा सांगतो आणि तुम्हालाही सांगतो. दोन्ही पासपोर्ट हातातल्या पिशवीत, एकाच कप्प्यात राहिले पाहिजेत.

ऑनलाइन चेक-इन करताना आणि विमान कंपनीला प्रवाशाची माहिती देताना पासपोर्ट क्रमांकाच्या जागी नव्या पासपोर्टचा क्रमांक लिहा. तिकीट जुना क्रमांक देऊन काढले असेल, तर तो बदलून घ्या. व्हिसाचा क्रमांक विचारला, तर स्टिकरच्या खालच्या उजव्या बाजूला लाल शाईत छापलेला क्रमांक द्यायचा असतो. वरच्या बाजूला छापलेला लांबलचक क्रमांक हा नियंत्रण क्रमांक आहे आणि पुष्कळ जण चुकून तोच भरतात.

अमेरिकेत उतरल्यावर तिथला अधिकारी जुन्या पासपोर्टमधला व्हिसा पाहतो आणि प्रवेश द्यायचे ठरवले, की नव्या पासपोर्टवर शिक्का मारून त्याशेजारी ‘व्हीआयओपीपी’ अशी नोंद करतो. व्हिसा दुसऱ्या पासपोर्टात आहे, हा तिचा अर्थ. अलीकडे शिक्के मारणेच कमी होत चालले आहे, त्यामुळे नव्या पासपोर्टवर काहीच उमटले नाही, तरी काळजी करू नये. खरी नोंद ‘आय-९४’ या इलेक्ट्रॉनिक अभिलेखात असते आणि ती तिथल्या सरकारी संकेतस्थळावर नव्या पासपोर्टच्या क्रमांकाने पाहता येते. आई पोहोचल्यावर एक-दोन दिवसांत ती नोंद उघडून नाव, नवा पासपोर्ट क्रमांक आणि मुक्कामाची शेवटची तारीख तपासा व तिची प्रत काढून ठेवा. व्हिसावर २०२९ लिहिले आहे म्हणून २०२९ पर्यंत राहता येते, असे मुळीच नाही. व्हिसाची तारीख दारापर्यंत कधीपर्यंत जाता येईल ते सांगते आणि आत किती दिवस राहता येईल ते आय-९४ सांगते. पर्यटक म्हणून जाणाऱ्यांना ही मुदत साधारणतः सहा महिन्यांची मिळते.

याच आय-९४ मुळे पासपोर्ट वेळेवर नवा करणे महत्त्वाचे ठरते. काही जण जुन्या पासपोर्टात लांब मुदतीचा व्हिसा आहे म्हणून नूतनीकरण लांबवत राहतात. पण पासपोर्टची मुदत आधी संपत असेल, तर अधिकारी मुक्कामाची तारीखही तेवढीच आखडती देऊ शकतो. नोकरीसाठी एच-१बी व्हिसावर जाणाऱ्यांना याचा फटका जास्त बसतो, कारण मंजुरीपत्रावर तीन वर्षांची तारीख असूनही आय-९४ वर पासपोर्ट संपण्याची तारीख पडते आणि ते लक्षात न आल्यास नकळत मुदतबाह्य मुक्काम घडतो. भारतीय पासपोर्टची मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. व्हिसा जुन्यात राहील, ही भीती त्याआड येऊ देऊ नये.

इथपर्यंत सांगितलेले अमेरिकेचे आहे आणि ते जसेच्या तसे दुसऱ्या देशाला लावू नका. देश कोणताही असो, मी पहिला प्रश्न एकच विचारतो की व्हिसा कागदाला बांधलेला आहे की क्रमांकाला? स्टिकरच्या रूपातला व्हिसा कागदाला बांधलेला असतो, म्हणून तो कागद बरोबर नेला की काम होते. इलेक्ट्रॉनिक व्हिसा पासपोर्टच्या क्रमांकाला बांधलेला असतो, आणि तिथे जुना पासपोर्ट बरोबर नेणे पुरत नाही, यंत्रणेतला क्रमांकच बदलावा लागतो.

ऑस्ट्रेलिया हे याचे ठळक उदाहरण. तिथला व्हिसा पासपोर्टवर चिकटवतच नाहीत, त्यामुळे नवा पासपोर्ट मिळाल्यावर ‘इमीअकाउंट’ या तिथल्या सरकारी ऑनलाइन खात्यात जाऊन किंवा ९२९ क्रमांकाचा अर्ज भरून नवा तपशील कळवावा लागतो. तो कळवला नाही, तर चेक-इनच्या वेळी नव्या क्रमांकापुढे व्हिसाच सापडत नाही. न्यूझीलंडच्या इलेक्ट्रॉनिक व्हिसाचीही नव्या पासपोर्टशी जोडणी करून घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये पूर्वी स्टिकर आणि निवास-कार्डांची पद्धत होती. ती कार्डे ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपली आणि तिथला कारभार ई-व्हिसाकडे वळला, म्हणून आता आपल्या तिथल्या ऑनलाइन खात्यात नवा पासपोर्ट नोंदवणे हेच मुख्य काम आहे.

कॅनडाचा स्टिकर मात्र अमेरिकेप्रमाणे दोन पासपोर्टांसह चालतो. तिथे व्हिसाची मुदत सहसा पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देतच नाहीत, त्यामुळे हा प्रसंग बहुधा पाने संपल्यामुळे किंवा इतर कारणाने पासपोर्ट लवकर बदलणाऱ्यांवरच येतो. चीनच्या बाबतीत नाव, जन्मतारीख, लिंग आणि नागरिकत्व तंतोतंत जुळत असेल, तर दोन्ही पासपोर्ट घेऊन जाता येते. यांतील काहीही बदलले असेल, तर नवा व्हिसा घ्यावा लागतो. शेंगेन देशांसाठी, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातील देशांसाठी जाताना नवा पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला आणि परतीच्या नियोजित तारखेनंतर निदान तीन महिने वैध असावा लागतो. भारतात राहणाऱ्यांना २०२४ पासून दोन आणि पुढे पाच वर्षांचे बहुप्रवेश व्हिसा मिळू लागल्याने जुन्या पासपोर्टचा प्रश्न तिथेही वारंवार येणार आहे. अशा वेळी व्हिसा देणाऱ्या दूतावासाचे उत्तर ई-मेलवर मागवून त्याची छापील प्रत जवळ ठेवावी, असे मी सुचवतो.

वाटेत तिसऱ्या देशात उतरून दोन दिवस फिरायचा बेत असेल, तर तो देश अमेरिकेचा व्हिसा पाहून जो प्रवेश देतो, त्याचे नियम त्या देशाचे स्वतःचे असतात. जुन्या पासपोर्टमधला व्हिसा तिथे चालेलच, असे गृहीत धरू नका. आईंच्या तिकिटात केवळ विमान बदलायचे असेल आणि विमानतळाबाहेर पडायचे नसेल, तर प्रश्न बराच सोपा होतो.

तुम्ही पुतणीच्या मुलाविषयीही विचारले आहे. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा आणि अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा असल्यामुळे त्यांच्याबाबतीत हे हमखास घडते. व्हिसावर तीन वर्षांच्या बाळाचा फोटो आणि समोर अकरा वर्षांचा मुलगा, असे दृश्य असले, तरी तो व्हिसा वैधच असतो. जन्म प्रमाणपत्राची प्रत बरोबर असू द्यावी.

जुना पासपोर्ट हरवला, तर मात्र त्यावरचा व्हिसाही गेला, असे समजावे. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो दाखवून प्रवास होत नाही. हरवल्याची खबर अमेरिकी दूतावासाला दिल्यानंतर तो व्हिसा पुढील प्रवासासाठी निरुपयोगी होतो आणि पुढे पासपोर्ट कपाटामागे सापडला, तरी तो वापरता येत नाही. म्हणून खबर देण्याआधी घर नीट धुंडाळावे.

तुमच्या प्रवासाला महिना आहे, तेवढा वेळ पुरेसा आहे. या आठवड्यात व्हिसाचे पान आणि नावे तपासा, तिकिटावरचा पासपोर्ट क्रमांक बदलून घ्या आणि अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावरील, जुन्या पासपोर्टमधील व्हिसाविषयीच्या उत्तराची एक छापील प्रत आईंच्या पिशवीत ठेवा. काउंटरवरचा कर्मचारी अडला, तर वाद न घालता ती प्रत दाखवून पर्यवेक्षकाला बोलावण्याची विनंती करायची, हे त्यांना समजावून सांगा. आणि एजंटाने ट्रान्सफरसाठी पैसे मागितले असतील, तर ते देऊ नका.